हिशोबाची वही आणि अमेरिकेचा अर्ज: नाट्यव्यवस्थापनाच्या मास्टर्ससाठी सुरुवात कुठून करायची

दुसरी घंटा झाली की विंगेत सगळे गप्प होतात. नेमकं तेव्हा बाहेर तिकीट खिडकीपाशी एक माणूस खुर्च्यांच्या प्लॅनवरच्या खुणा मोजत उभा असतो. किती तिकिटं गेली, पास किती सुटले, बाल्कनी उघडायची की नाही, भाडं भरून आणि सगळ्यांची नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, देऊन हातात काय राहणार. नाटकाच्या जाहिरातीत त्याचं नाव अगदी खाली येतं, 'सूत्रधार' किंवा 'व्यवस्थापक' म्हणून. या कामाची रीतसर पदव्युत्तर पदवी अमेरिकेत मिळते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. पुण्यात सहा वर्षं एका प्रायोगिक संस्थेचे हिशोब, तारखा आणि दौरे सांभाळले होते. या कामाला कोणी शिक्षण म्हणेल असं वाटलंच नव्हतं.

आता एकांकिका स्पर्धांमधून आलेली मुलं-मुली फोन करतात आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे. मुख्यतः अमेरिकेबद्दल लिहिते, कारण तिथली वाट मला माहीत आहे. ब्रिटनमध्ये एका वर्षाचे मास्टर्स आहेत. ते लवकर संपतात आणि ब्रिटिश सरकारच्या चेवनिंगसारखी पूर्ण शिष्यवृत्ती त्यांना लागू पडते. पण त्या एका वर्षात चालत्या नाट्यगृहाच्या कार्यालयात बसून काम करायला वेळ कमी मिळतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरा

थिएटर मॅनेजमेंट वेगळं आणि स्टेज मॅनेजमेंट वेगळं. स्टेज मॅनेजर तालमीपासून पडदा पडेपर्यंत प्रयोग चालवतो, प्रकाशाचा आणि संगीताचा क्यू, म्हणजे इशारा, त्याच्या तोंडून सुटतो. थिएटर मॅनेजर संस्था चालवतो: अंदाजपत्रक, करार, तिकीटविक्री, देणग्या, माणसं. येल आणि कोलंबिया या विद्यापीठांत हे दोन्ही अभ्यासक्रम वेगवेगळे आहेत. थिएटर मॅनेजमेंटसाठी अर्ज करून निबंधात 'मी प्रकाशयोजनेचे क्यू दिले' असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. तो निबंध कितीही चांगला असला तरी पत्ता चुकलेला असतो.

दुसरा घोळ नाट्यसंस्थेच्या प्रकाराचा. आपल्याकडे हौशी, प्रायोगिक आणि व्यावसायिक अशा तीन धारा आहेत. अमेरिकेत मोठी विभागणी आहे ती व्यावसायिक आणि ना-नफा अशी. ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमधली ४१ नाट्यगृहं, त्यात साधारण ५०० आणि त्याहून जास्त खुर्च्या असतात. तिथली बहुतेक नाटकं गुंतवणूकदारांच्या पैशावर उभी राहतात. १०० ते ४९९ खुर्च्यांची ती ऑफ-ब्रॉडवे. पण न्यूयॉर्कबाहेर गावोगावी ज्या मोठ्या नाट्यसंस्था आहेत, त्या बहुतेक ना-नफा. त्यांच्या डोक्यावर विश्वस्तांचं मंडळ असतं आणि त्याखाली दोन माणसं बरोबरीनं बसतात: कलादिग्दर्शक आणि मॅनेजिंग डायरेक्टर. थिएटर मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम तुम्हाला यातल्या दुसऱ्या खुर्चीसाठी तयार करतो.

या संस्थांचा खर्च नुसत्या तिकिटांवर भागत नाही. उरलेला पैसा देणगीदार, ट्रस्ट आणि सरकारी अनुदान यांतून येतो आणि त्यासाठी 'डेव्हलपमेंट' नावाचा अख्खा विभाग असतो. आपल्याकडे स्मरणिकेसाठी दुकानोदुकानी जाहिराती मागत फिरणारा जो कार्यकर्ता असतो, त्याच्याच कामाचं हे वाढलेलं आणि शिस्तीत बसवलेलं रूप. तुम्ही कधी स्मरणिकेच्या जाहिराती गोळा केल्या असतील तर ते अर्जात लिहा. लाजू नका.

कुठे अर्ज करायचा

दहा ठिकाणी अर्ज करू नका. चार पुरे.

येलची डेव्हिड गेफेन स्कूल ऑफ ड्रामा हे पहिलं नाव. २०२१ मध्ये डेव्हिड गेफेन यांनी १५ कोटी डॉलर दिले आणि तेव्हापासून तिथल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना फी नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. एमएफए, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, तीन वर्षांचं. येल रेपर्टरी थिएटर हे १९६६ पासूनचं व्यावसायिक नाट्यगृह शाळेला जोडलेलं आहे आणि विद्यार्थी तिथे खरी जबाबदारी घेऊन काम करतात. एमबीएसह चार वर्षांची जोडपदवीही आहे, पण त्यासाठी व्यवस्थापन शाळेत वेगळा अर्ज करून वेगळा प्रवेश मिळवावा लागतो. फी नसल्यामुळे जगभरातून अर्ज येतात आणि जागा मोजक्याच. तरीही अर्ज करा. प्रवेश मिळाला तर कर्जाचा डोंगर उभा राहत नाही.

कोलंबियाचं एमएफए थिएटर मॅनेजमेंट आणि प्रोड्युसिंग असं जोडनावाचं आहे. न्यूयॉर्कमध्ये असल्यामुळे ब्रॉडवेची कार्यालयं हाकेच्या अंतरावर. निर्माता व्हायचं असेल, स्वतः नाटक उभं करायचं असेल, तर ही जागा. पण फार महाग. तिथला प्रवेश मिळाल्याचा आनंद साजरा करण्याआधी तीन वर्षांचा पूर्ण खर्च कागदावर मांडा.

ब्रुकलिन कॉलेज हे न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचं महाविद्यालय. त्यांचं एमएफए परफॉर्मिंग आर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहे, म्हणजे नाटकाबरोबर नृत्य आणि संगीतही आलं. सार्वजनिक असल्यानं फी तुलनेनं कमी. आपल्याकडची मंडळी या नावाकडे दुर्लक्ष करतात आणि मला ते खटकतं.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनचं मास्टर ऑफ आर्ट्स मॅनेजमेंट हे चौथं. ते दोन वर्षांचं आणि सार्वजनिक धोरण, आकडेवारी शिकवणाऱ्या हाइन्झ कॉलेजमध्ये आहे. बीकॉम करून नाटकात आलेल्यांनी हे जरूर पाहावं. एक्सेल उघडल्यावर ज्यांचा जीव रमतो त्यांच्यासाठी ही जागा.

कुठेही अर्ज करण्याआधी निदान दोन-तीन वर्षं इथे काम करा. पदवी झाल्या झाल्या गेलात तर वर्गात सांगायला तुमच्याकडे काही नसतं. तिथे तर बोलण्यातूनच शिकायचं असतं.

तीन वर्षांची बीए चालते का

हा प्रश्न सगळे विचारतात आणि विद्यापीठागणिक उत्तर वेगळं असतं. अमेरिकेत पदवी चार वर्षांची. आपली जुनी बीए, बीकॉम तीन वर्षांची. काही ठिकाणी ती सरळ चालते, काही ठिकाणी नंतरचं एमए किंवा डिप्लोमा जोडून हिशोब करतात. ललित कला केंद्रातून किंवा मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्समधून एमए केलेल्यांना इथे फार अडचण येत नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम डिप्लोमा आहे, म्हणून त्यासोबत मूळ पदवीची कागदपत्रंही लागतात.

अंदाज बांधू नका. ऑगस्टमध्येच प्रवेश कार्यालयाला चार ओळींचा ईमेल पाठवा: पदवी कोणती, किती वर्षांची, कोणत्या विद्यापीठाची, आणि ही पदवी तुमच्या प्रवेशासाठी पुरेशी आहे का. लेखी उत्तर आलं की ते जपून ठेवा. त्याच मेलमध्ये विचारून घ्या की मार्कशीटचं परीक्षण वेससारख्या (परदेशी पदव्या तपासून देणाऱ्या) संस्थेकडून करून हवं आहे की तुमच्या विद्यापीठानं दिलेली प्रत चालेल. ते परीक्षण लागणार असेल तर दोन महिने हाताशी धरा. त्यातला मोठा भाग आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर जातो.

मार्कशीटवरचं नाव

आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि बऱ्याचदा शेवटी आईचं नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेली नावं दुसऱ्या. परदेशातला कारकून मार्कशीट बघतो आणि तुमचं पहिलं नाव 'कुलकर्णी' आहे असं समजतो. माझ्या बाबतीत तेच झालं, वर एका मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक ए जास्त होता. दोन वेगळ्या व्यक्तींची कागदपत्रं म्हणून फाइल तीन आठवडे बाजूला पडली आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

उपाय सोपा आहे. अर्जात, परीक्षेच्या नोंदणीत, बँकेत, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा, अक्षरन् अक्षर. फरक असेल तर नोटरीकडून ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत असू द्या.

वही

आता मुख्य गोष्ट. तुमच्या अर्जातला सगळ्यात भक्कम पुरावा बहुधा घरात एखाद्या खणात पडलेला आहे: प्रयोगांच्या हिशोबाची वही. किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले हिशोबाचे फोटो. ते आधी शोधा, बसून एका तक्त्यात उतरवा. प्रयोगाची तारीख, गाव, नाट्यगृह, खुर्च्या, विकलेली तिकिटं, पास, भाडं, टेम्पो, बस, चहा-नाश्ता, कलाकारांची नाईट, लेखकाचं मानधन, जाहिरात, शिल्लक किंवा तूट. तूट असेल तर तूट लिहा.

आपल्याकडचा एक व्यवस्थापक जे करतो त्यासाठी अमेरिकेत पाच-सहा माणसं असतात. प्रेक्षागृह आणि प्रेक्षक पाहतो तो हाऊस मॅनेजर. कलाकारांचे पैसे, प्रवास, राहणं पाहतो तो कंपनी मॅनेजर. अंदाजपत्रक आणि करार म्हणजे जनरल मॅनेजर. शिवाय तिकीट खिडकी, प्रसिद्धी आणि देणग्या यांचे वेगळे विभाग. 'नाटकाचं व्यवस्थापन केलं' एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. बायोडेटात कामाची फोड त्यांच्या नावांनी करा.

उदाहरणादाखल, एका मुलीनं पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: 'दोन अंकी नाटकाच्या दौऱ्याचं व्यवस्थापन.' तिच्याशी तासभर बोलल्यावर तीच ओळ अशी झाली: 'अकरा जणांच्या चमूचा पाच गावांचा दौरा, नाट्यगृहांच्या तारखा, भाड्याचे करार, प्रवास आणि मुक्काम ठरवला, सरासरी ६२ टक्के खुर्च्या भरल्या, पहिल्या दोन प्रयोगांतली तूट शाळांना सवलतीची तिकिटं विकून शेवटच्या तीन प्रयोगांत भरून काढली.' तिनं नवीन काही केलेलं नव्हतं. वहीत सगळं होतं.

रुपयांचे डॉलर करून लिहू नका. पन्नास हजारांचं नाटक डॉलरमध्ये केविलवाणं दिसतं आणि ते तसं नसतं. खुर्च्यांचं प्रमाण, प्रयोगांची संख्या, माणसांची संख्या, खर्चातला तिकिटांचा वाटा हे आकडे कुठल्याही देशात वाचता येतात. पैसे सांगायचेच असतील तर रुपयांत सांगा आणि तुलना द्या, जसं की त्या रकमेत गावातल्या नाट्यगृहाची किती भाडी भरली गेली असती.

इथल्या संस्थांची एका ओळीत ओळख करून द्या. राज्य नाट्य स्पर्धा म्हणजे राज्य सरकार भरवत असलेली हौशी संस्थांची स्पर्धा. पुरुषोत्तम करंडक म्हणजे १९६३ पासून चालत आलेली महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून घ्यावी लागते हे तर तिकडे कोणाला माहीतच नसतं. ते प्रमाणपत्र तुम्ही मिळवलं असेल, त्यासाठी पत्रव्यवहार केला असेल, तर तो तुमचा शासनाशी काम केल्याचा अनुभव आहे. नाईट म्हणजे प्रयोगागणिक पैसे, हेही समजावून सांगा, कारण तिकडे युनियनच्या करारात कलाकाराला सहसा आठवड्याचा पगार ठरलेला असतो.

निबंध: एकच प्रयोग, एकच निर्णय

'लहानपणी आजीबरोबर पहिलं नाटक पाहिलं' या सुरुवातीचे निबंध प्रवेश समितीनं शेकड्यांनी वाचलेले असतात. रंगभूमीवर तुमचं प्रेम आहे हे त्यांना ठाऊक आहे, नाहीतर तुम्ही अर्जच केला नसता. त्यांना पाहायचं असतं की अडचणीत तुम्ही कसा निर्णय घेता.

मी कणकवलीच्या प्रयोगाबद्दल लिहिलं. कलाकारांची बस कोल्हापूरहून पुढे आली होती आणि सेटचा टेम्पो फोंडा घाटात बंद पडला. साडेआठ वाजले होते, प्रयोग साडेनऊचा, ३२० तिकिटं गेलेली. ड्रायव्हर म्हणाला, मेकॅनिक येईपर्यंत दोन तास तरी धरा. दिग्दर्शक प्रयोग रद्द करा म्हणत होता. मी नाट्यगृहाजवळच्या शाळेच्या शिपाईकाकांना गाठलं, सहा बाकं आणि दोन खुर्च्या उचलून आणल्या, आणि दिग्दर्शकाला विचारलं की यात किती नाटक होईल. तो दहा मिनिटं बाकं मांडून बघत राहिला आणि म्हणाला, होईल. मग मी पडद्यासमोर जाऊन माइकवर खरं काय झालं ते सांगितलं, ज्यांना थांबायचं नाही त्यांनी खिडकीवर पैसे परत घ्यावेत असंही सांगितलं. चौदा जण उठले. प्रयोग दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला.

निबंधात मी एवढंच लिहिलं, आणि पुढे दोन परिच्छेद या प्रश्नाचे: आमच्या संस्थेकडे अशा वेळेसाठी बाजूला ठेवलेला एक रुपयाही का नव्हता, आणि तो ठेवायचा तर पैसा आणायचा कुठून. मला अमेरिकेत जाऊन नेमकं तेच शिकायचं होतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, 'तुम्ही प्रेक्षकांना आधी का सांगितलंत? पडदा वर गेल्यावर त्यांना कळलंच असतं.' मी म्हटलं, आम्हाला पुढच्या वर्षी त्याच गावात परत जायचं होतं.

तुमच्याकडेही असा एक प्रयोग असणार. तोच लिहा. शेवटी 'भारतात परत येऊन रंगभूमीची सेवा करीन' असं मोघम लिहू नका. कोणत्या प्रकारची संस्था, कोणत्या शहरात, तिच्यात आज काय कमी आहे, ते सांगा.

शिफारसपत्रं

बहुतेक ठिकाणी तीन मागतात. एक शिक्षकांचं, दोन तुमचं काम जवळून पाहिलेल्यांचं. नावाजलेल्या नटाचं पत्र घेण्याचा मोह होतो, पण त्यांनी तुम्हाला दोनदा मेकअप रूममध्ये पाहिलं असेल तर ते पत्र कोरडं उतरतं. ज्या निर्मात्यानं तुमच्या हातात गल्ला दिला त्याचं पत्र मोलाचं.

अडचण अशी की आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी प्रेमानं म्हणतात, 'अगं, तूच लिही, मी सही करतो.' ते करू नका. पत्राची लिंक विद्यापीठ थेट त्यांच्या ईमेलवर पाठवतं आणि पत्र त्यांनीच चढवायचं असतं. शिवाय स्वतः लिहिलेलं पत्र आणि स्वतःचा निबंध एकाच आवाजात बोलतात, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्याऐवजी त्यांच्याकडे जा, समोर बसा, एका कागदावर तारखा, प्रयोग आणि आकडे लिहून द्या आणि म्हणा, 'काका, तुम्हाला यातलं जे आठवतं तेवढंच लिहा.' इंग्रजीत लिहायला अवघड वाटत असेल तर मराठी पत्र आणि सोबत अनुवाद चालेल का, हे विद्यापीठाला आधी विचारा. लिंक उघडून पत्र चढवायला त्यांच्या घरातल्या कोणाची तरी मदत लागेल. त्या नातवाचा किंवा सुनेचा नंबर तुमच्याकडे असू द्या, आणि मुदतीच्या दहा दिवस आधी एकदा फोन करा.

इंग्रजी परीक्षा

टोफेल किंवा आयेल्ट्स. गुण दोन वर्षं चालतात, म्हणून फार आधी देऊ नका. हे काम बोलण्या-लिहिण्याचं असल्यानं अपेक्षा उंच असते. मराठी माध्यमातून आलेल्यांचं वाचन चांगलं असतं आणि बोलण्यात गाडी अडते. रोज वीस मिनिटं वहीतला एखादा प्रयोग मोठ्यानं इंग्रजीत सांगा, मुलाखतीचीही तयारी होते.

महिन्यांचा हिशोब

बहुतेक मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. ऑगस्टमध्ये चौकशीचे मेल आणि विद्यापीठाकडे मार्कशीटच्या प्रती मागणं. सप्टेंबरमध्ये इंग्रजीची परीक्षा आणि शिफारस करणाऱ्यांच्या गाठीभेटी. गणपतीत आणि दिवाळीत कार्यालयं बंद असतात हे धरून चला. ऑक्टोबर-नोव्हेंबर निबंधाचे. निबंध निदान दोन जणांना वाचायला द्या, त्यातला एक नाटकाशी संबंध नसलेला असावा. ज्यांना निवडायचं असतं त्यांच्याशी बोलणं होतं ते साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये.

व्हिडिओवरच्या मुलाखतीची वेळ नीट वाचा. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकतात आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे फेब्रुवारीत आपले रात्रीचे साडेआठ, मार्चच्या मध्यानंतर साडेसात.

पैसा

प्रवेशापेक्षा हा भाग जास्त शांतपणे वाचा. येलला फी नसली तरी राहणं, जेवण, विमा आणि प्रवास उरतो, त्यासाठी गरजेनुसार मदत मागता येते. बाकी ठिकाणी फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही तुमच्या डोक्यावर.

फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप ही अमेरिकेत शिकण्यासाठीची शिष्यवृत्ती आहे. तिच्या विषयांत कला आणि संस्कृती व्यवस्थापन आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यासाठी निदान तीन वर्षांचा पूर्णवेळ पगारी अनुभव लागतो, आणि पदवी चार वर्षांपेक्षा कमी असेल तर मास्टर्स किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा लागतो. अमेरिकेला जाण्याच्या सव्वा वर्ष आधी, साधारण मे महिन्यात, अर्ज करायचा. ती एक ते दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आहे, म्हणून दोन वर्षांच्या कार्नेगी मेलनसारख्या पदवीला बसते, तीन वर्षांच्या एमएफएला नाही. आणि संपल्यावर दोन वर्षं भारतात परतून राहण्याची अट असते. 'पगारी अनुभव' या शब्दासाठी आजपासून सोय करा. संस्था महिना कितीही कमी देत असो, ते पैसे बँकेतून घ्या आणि पत्र घ्या.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात हातात घेऊन विद्यापीठं निवडा. जे. एन. टाटा एन्डावमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला कर्ज-शिष्यवृत्ती देतं. ते कर्ज असतं, परत फेडायचं.

बँकेच्या कर्जाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घर तारण ठेवून या पदवीसाठी पूर्ण फीचं कर्ज काढू नका. नाटकातले पगार तिकडेही मोठे नसतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिक्षण संपल्यावर ओपीटी म्हणून बारा महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी चोवीस महिने वाढवून मिळतात, थिएटर मॅनेजमेंट सहसा त्या यादीत नसतं. तुमच्या आय-२० वरचा (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) विषयाचा क्रमांक पाहून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात खात्री करा. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळेलच असं धरून हप्ते ठरवणं म्हणजे न विकलेल्या तिकिटांवर नाईट कबूल करणं.

शिकत असताना सत्रात आठवड्याला वीस तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं. तिकीट खिडकीवरची कामं विद्यार्थ्यांना मिळतात आणि तुमच्या हाताला ती सवयीची असतात.

व्हिसा

प्रवेश घेतल्यावर विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा मागतं: बँकेचा दाखला, कर्जमंजुरीचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र, किंवा पैसे देणाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. तो पटला की आय-२० येतो. मग परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं ३५० डॉलरचं सेविस शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, १८५ डॉलरचं व्हिसा शुल्क. शुल्क भरण्याच्या दिवशी आकडा अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहा, कारण ते बदलतात. मुंबईत दोन फेऱ्या होतात, एक बोटांचे ठसे देण्यासाठी आणि एक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी. २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात.

खिडकीमागच्या अधिकाऱ्याकडे तुमच्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात. ते विचारणार, नाटकाचं व्यवस्थापन म्हणजे काय आणि परत येऊन काय करणार. उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा आणि त्यात एखादं खरं नाट्यगृह असू द्या. मी म्हटलं होतं, 'माझ्या शहरात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभं आहे आणि तिथे प्रयोग करणाऱ्या बहुतेक संस्थांकडे पूर्णवेळ व्यवस्थापक नाही. मला ते काम करायचं आहे.' त्यांनी पुढचा प्रश्न पैशांचा विचारला, मी बँकेचा कागद सरकवला.

अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत शिरता येत नाही, तिकीट त्या हिशोबानं काढा. सही केलेला आय-२०, पासपोर्ट आणि पैशांचे कागद हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, कारण विमानतळावर अधिकारी ते मागतो आणि मोठी बॅग त्याच्या पलीकडे मिळते. वहीही हातातच ठेवा. अंदाजपत्रकाच्या वर्गात आपापल्या संस्थेचा एखादा खरा हिशोब मांडायची वेळ येते, आणि तेव्हा टेम्पोचं भाडं नेमकं किती होतं ते आठवत नाही.